नागपूरचा परिसर पाहताना पायाखालचा दगड आधी ओळखा

नागपूरच्या आसपासचा निसर्ग मनापासून पाहायचा असेल, तर केवळ तलाव आणि जंगल गाठण्याऐवजी एका दिवशी पश्चिमेला आणि दुसऱ्या दिवशी ईशान्येला जावे, कारण दख्खनच्या लाव्हारसाचा काळा पाषाण साधारणपणे याच शहरापाशी संपतो आणि त्यापलीकडे कितीतरी जुने खडक सुरू होतात. सेमिनरी हिल्सवर हा काळा बेसाल्ट सहज हाताशी येतो. त्याच्या पृष्ठभागावरची बारीक छिद्रे म्हणजे थंड होणाऱ्या लाव्हामधून सुटलेल्या वायूच्या खुणा होत. हाच दगड झिजून काटोलकडची काळी जमीन तयार झाली आहे. तिथे संत्र्याच्या बागा दिसतील.

ईशान्येला कामठीच्या भागात वालुकाश्म आहे. या खडकसमूहाला भूशास्त्रात कामठीचेच नाव आहे, ही नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पुढे रामटेक-मनसरच्या टेकड्यांत अभ्रकयुक्त खडक उन्हात चमकतात आणि मनसरला तर मँगनीजची खाण आहे.

यासाठी पावसाळा संपल्यानंतरचे थंडीचे दिवस उत्तम. मात्र पळस फुललेला पाहायचा असेल, तर फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये भल्या पहाटे निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे. सोबत पुरेसे पाणी, एक भिंग आणि वही असावी. प्रत्येक ठिकाणच्या मातीचा रंग, दगड आणि झाड यांची नोंद त्याच जागी उभे राहून करावी. संरक्षित वनक्षेत्रातून दगड मात्र उचलू नयेत, छायाचित्र पुरेसे आहे.