जुन्या रेडिओ किटचे पार्ट: आधी भंगार, मग दुकान

माळ्यावर पडलेलं जुनं ट्रान्झिस्टर रेडिओचं किट पुन्हा बोलतं करायचं असेल, तर नागपूरची गाडी पकडण्याआधी आठवडी बाजारातल्या भंगारवाल्याकडे चक्कर मारा. मेलेला का असेना, एक अख्खा रेडिओ किलोच्या भावात उचला. गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर), फेराइट रॉडवरची कॉइल (आतला अँटेना) आणि ४५५ किलोहर्ट्झचे आयएफटी (आयएफ ट्रान्सफॉर्मर, पत्र्याच्या डबीतल्या छोट्या कॉइल) हे आता सुटे मिळणं कठीण. तिन्ही त्यात सापडतात. आयएफटी काढताना कोरचा, म्हणजे डबीच्या वरून दिसणाऱ्या स्क्रूसारख्या तुकड्याचा, रंग लिहून ठेवा. लाल ऑसिलेटर कॉइलचा; पिवळा, पांढरा, काळा हे सहसा पहिला, दुसरा, तिसरा आयएफटी.

ट्रान्झिस्टरपाशी मात्र घाई नको. बीसी१४८ च्या जागी बीसी५४८ चालतो, बीएफ१९४ च्या जागी बीएफ४९४. दोन्ही नागपूरच्या सीताबर्डी बाजारात विचारून पाहा. पण पायांचा (एमिटर, बेस, कलेक्टर) क्रम जुळेलच असं नाही. बीएफ४९४ चा मधला पाय एमिटर असतो, बीसी५४८ चा बेस. मी एकदा जुन्याच्याच भोकांत नवा खुपसला अन् रविवार घालवला.

एसी१२८ जर्मेनियमचा. मल्टिमीटरच्या डायोड टेस्टवर बेस-एमिटर ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवतो, सिलिकॉन ०.६ च्या आसपास. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन तसाच बसवला तर बायस (ट्रान्झिस्टरला आधीच दिलेला ठरावीक व्होल्टेज) बिघडतो, आवाज फाटतो. म्हणून भंगारातले एसी१२८ जपून काढा.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तेवढे नवेच घ्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली जुने आतून सुकलेलेच असतात. मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्ट जास्त चालतील.