झोटेरोचा डेटाबेस बिघडला तर हात लावायच्या आधी एवढं करून ठेवा

झोटेरो म्हणजे संदर्भ न पीडीएफ जपून ठेवायचं सॉफ्टवेअर, त्यात डेटाबेस करप्ट झाल्याचा मेसेज आला की ते बंद करा आन बंदच ठेवा, पुन्हा पुन्हा उघडून पाहू नका. मग लाइनचं बघा. आपल्या खेड्यात ती कधी जाईल नेम नाही, लॅपटॉप असन तर बॅटरी फुल करा, डेस्कटॉप असन तर इन्व्हर्टरवर घ्या, कारण फाइल लिहिणं चालू असताना लाइन गेली की बिघाड अजून वाढतो.

आता झोटेरोचं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, विंडोजमध्ये ते बहुतेक सी ड्राइव्हवर यूजर्समध्ये तुमच्या नावाखाली असते. झोटेरो डॉट एसक्यूलाइट ही मुख्य फाइल, पीडीएफवालं स्टोरेज फोल्डर, नावाच्या शेवटी बॅक (.bak) असलेल्या फायली, म्हणजे झोटेरोनं ठेवलेल्या जुन्या कॉप्या, सगळं घ्या. नावाच्या शेवटी जर्नल असलेली फाइल दिसली तर फालतू समजून उडवू नका बाप्पा, अर्धवट राहिलेला बदल मागे घ्यायला तीच लागते. विंडोजच्या व्ह्यू मेन्यूत फाइल एक्सटेंशन, म्हणजे नावातला शेवटच्या टिंबानंतरचा भाग, दिसन असं करा, नाहीतर नाव बदलताना घोळ होतो.

पीएचडीवाल्यांनो, हे नीट वाचा. कोणी म्हणन की सोडा, नवीन लायब्ररी करा आन जुने संदर्भ इम्पोर्ट करा, तर ऐकू नका. इम्पोर्ट केलेल्या नोंदी झोटेरोसाठी नवीन असतात, वर्डमधल्या तुमच्या सायटेशनशी, म्हणजे मजकुरात दिलेल्या संदर्भांशी, त्यांचा संबंध तुटते, मग अख्ख्या थिसिसमध्ये एकेक सायटेशन परत टाकत बसा. म्हणून आहे तोच डेटाबेस वाचवायचा.

सिंक, म्हणजे नोंदी झोटेरोच्या साइटवर आपोआप चढणं, चालू होतं का आठवा, असन तर त्या साइटवर लॉगिन करून तिथं काय काय आहे ते पाहा. फुकटची 300 एमबी मर्यादा पीडीएफसारख्या फायलींना आहे, नोंदींना नाही, त्यामुळे नोंदी तिथं सापडू शकतात.

झोटेरोच्या साइटवर रिपेअर टूल आहे, त्यात फक्त मुख्य फाइल अपलोड करायची, पीडीएफ नाही, म्हणून मोबाइल हॉटस्पॉटवरही जमते, फक्त रेंज धड येते तिथं बसा. दुरुस्त फाइल आली की जुनीचं नाव बदलून बाजूला ठेवा, नवीन तिच्या जागी त्याच नावानं. नाहीच जमलं तर बॅक फाइल आहे, तिच्या नावातलं शेवटचं बॅक काढून वापरा.

फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हमध्ये असन तर बाहेर काढा, बिघाडाचं ते मोठं कारण आहे. झोटेरो उघडल्यावर सेटिंग्जच्या अ‍ॅडव्हान्समधून डेटाबेसची इंटेग्रिटी, म्हणजे तो धड आहे का ते, तपासा, वर्डमध्ये सायटेशन रिफ्रेश करून पाहा, आन थिसिस जमा होईस्तोवर पेनड्राइव्हवरची कॉपी पुसू नका.