बॅनर वेगळं, कंपनी वेगळी : निर्मिती संस्थेचा इतिहास लिहिताना मी कुठे आपटलो

एका दूरचित्रवाणी निर्मिती संस्थेच्या पंचविशीची स्मरणिका लिहायचं काम मला मिळालं, तेव्हा माध्यम-अभ्यासाचं एमए करून मी घरी बसलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. त्यांनी पैसे वेळेवर दिले, चहाही चांगला असायचा. घोळ माझा होता.

स्थापनेचं साल संकेतस्थळावर होतं. संस्थापकांनी मुलाखतीत तेच सांगितलं, जुन्या मालिकांच्या श्रेयनामावलीत बॅनरही, म्हणजे पडद्यावर झळकणारं संस्थेचं नावही, तेच. मी चार प्रकरणं लिहून मोकळा. पाचवं होतं जुन्या मालिकांच्या हक्कांवर. लेखा विभागातल्या ताईंनी त्यातलं पहिलंच पान परत केलं. "अहो, ही मालिका कंपनीची नाहीच. ती साहेबांच्या प्रोप्रायटरी फर्मची. कंपनी झाली त्यानंतर सहा वर्षांनी."

लोगो तोच, ऑफिस तेच, शिपाईसुद्धा तोच! पण प्रोप्रायटरी फर्म म्हणजे खुद्द मालक, आणि कंपनी म्हणजे कायद्याच्या लेखी मालकापासून वेगळी व्यक्ती. एकाचे हक्क दुसऱ्याकडे आपोआप जात नाहीत. कॉपीराइटचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागतं. तो कागद मी मागितलाच नव्हता, कारण असा कागद असतो हेच डोक्यात आलं नव्हतं. चारही प्रकरणं पुन्हा लिहिली. पोटात गोळा म्हणजे काय ते त्या पंधरवड्यात कळलं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. कंटाळा आला तरी ऐका. पडद्यावरचं नाव म्हणजे कंपनी नव्हे. आधी कंपनीचा नोंदणी क्रमांक, म्हणजे सीआयएन शोधा. तो २१ अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला एल असेल तर कंपनी शेअर बाजारात आहे, यू असेल तर नाही. मग पाच अंक उद्योगाचे, दोन अक्षरं राज्याची, आणि त्यानंतर चार अंकी साल. हे साल नोंदणीचं. बालाजी टेलिफिल्म्सच्या क्रमांकात १९९४ दिसतं. ती पब्लिक लिमिटेड झाली आणि बाजारात उतरली २०००मध्ये, तरी ते चार अंक तसेच राहिले. पुढची तीन अक्षरं प्रायव्हेट की पब्लिक ते सांगतात आणि शेवटचे सहा अंक नोंदवहीतले. संस्थापकांचं साल आणि हे साल जुळलं नाही, की मधल्या वर्षांत चित्रपट-मालिका कोणाच्या नावावर बनल्या ते विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत लिहायचं नाही.

जुन्या संस्थांत हा फास आणखी आवळतो. प्रभात फिल्म कंपनीच्या नावातच कंपनी. पण १ जून १९२९ला कोल्हापुरात ती सुरू झाली ती पाच जणांच्या भागीदारीतून : शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. भागीदारीत माणूस बाहेर पडला की संस्थेचा पायाच हलतो. शांतारामबापू १९४२मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी राजकमल ही स्वतःची संस्था उभी केली. त्याकडे नुसती रुसव्याफुगव्याची गोष्ट म्हणून पाहिलंत, तर हिशेबाची बाजू निसटते. याउलट बॉम्बे टॉकीज, १९३४ची, भागभांडवल उभारून काढलेली मर्यादित कंपनी. तिथे भांडण झालं की ते संचालक मंडळात आणि भागधारकांत दिसतं. दोन्ही स्टुडिओच, पण शोधायचे कागद पार निराळे. राजश्रीत आणखी वेगळा पेच : १९४७ हे साल वितरणाचं, निर्मिती सुरू झाली १९६२च्या 'आरती'पासून. कोणतं साल छापणार? दोन्ही छापा आणि फरक सांगा.

टीव्हीवाल्यांसाठी अजून एक प्रश्न : मालिका प्रायोजित होती की वाहिनीने बनवून घेतलेली? दूरदर्शनच्या काळात निर्माता टेलिकास्ट फी भरून वेळ घ्यायचा, जाहिरातींचा वेळ विकायचा आणि मालिका बहुधा त्याच्याकडे राहायची. उपग्रह वाहिन्या आल्या, तशी वाहिनी एपिसोडमागे ठरलेली रक्कम देऊ लागली आणि हक्क सहसा स्वतःकडे ठेवू लागली. शेकडो एपिसोड केलेल्या संस्थेच्या हाती जुनी मालिका नसते, ती यामुळे. वार्षिक अहवालात प्रायोजित आणि वाहिनीसाठी बनवलेल्या मालिकांची उत्पन्नं वेगळी दाखवलेली असली, तर आधी तेच पान उघडा, अध्यक्षांचं मनोगत मागाहून.

यूटीव्हीसारख्या निर्मिती संस्थेची सनावळी मुद्दाम एकदा हाताने मांडून बघा : १९९०ला सुरुवात, २००५मध्ये शेअर बाजारात, २०१२मध्ये पूर्णपणे डिस्नेकडे आणि बाजारातून बाहेर. जुन्या चित्रपटांवर नाव तेच, मालक बदललेला.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडू आहे. "तारखा नंतर बघू, आधी गोष्ट पकड," असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. मला तसाच एक भेटला होता, आणि माणूस फार गोड. संस्थापकाची मुलाखत तर सगळ्यात शेवटी घ्या. प्रत्येकाने एका भाड्याच्या कॅमेऱ्यावरच सुरुवात केलेली असते. त्याआधी लेखापाल आणि प्रॉडक्शन कंट्रोलर, म्हणजे निर्मितीचा खर्च सांभाळणारा माणूस, यांच्याकडे बसा. विकिपीडियावरून किंवा एआयकडून सनावळी उचलणार असाल, तर निदान सीआयएनशी ताडून घ्या. मी त्या वाटेने गेलो असतो तरी त्याच खड्ड्यात पडलो असतो, कारण तिथेही बॅनरचंच साल लिहिलेलं असतं.

आणि घाबरू नका, हे काम वकिलांचंच आहे असं नाही. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचे कागद बघता येतात; नाव बदललं असेल तर तेही कळतं. ऑनलाइन व्यवस्था २००६ची, त्याआधीचं सगळं तिथे मिळेल असं धरून चालू नका. चित्रपट असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्रावरचं अर्जदाराचं नाव वाचा. थिएटरात सगळे पॉपकॉर्न सांभाळत असतात तेव्हा ते पडद्यावर येऊन जातं. मी अजूनही तेवढ्यासाठी वेळेआधी जाऊन बसतो, बायको वैतागते.

स्मरणिका निघाली. मुखपृष्ठावर संस्थापकांनी सांगितलेलंच साल आहे, त्यावर ते हटले नाहीत. कंपनीच्या नोंदणीचं साल आत हक्कांच्या प्रकरणात आहे, तळटीपेत. ती तळटीप ताईंनी दोनदा तपासून दिली.