जखमेचा फोटो काढा : फसलेल्या प्रयोगावरच्या भयपटाची तयारी

कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या, कार्डं, ट्रायपॉड. हे कुणीतरी आणतंच, त्यावर मी लिहीत बसणार नाही. मागच्या वेळी आमच्याकडेही हे सगळं होतं. नव्हता तो एक धड फोटो.

आमची गोष्ट साधी होती. नव्या औषधाच्या चाचणीला आलेला एक तरुण, डाव्या हाताला कोपराखाली छेद देऊन बसवलेलं काहीतरी, वर सात टाके. पुढच्या नऊ दिवसांत ती जखम काळी पडत खांद्याकडे चढते. मेकअपच्या भाषेत पाच अवस्था. शूट चार दिवसांचं, आणि अर्थातच गोष्टीच्या क्रमाने नाही. तिसरी अवस्था पहिल्या दिवशी शूट झाली आणि तिचाच उरलेला अर्धा सीन चौथ्या दिवशी रात्री. मधल्या काळात मेकअप करणारी मुलगी बदलली होती. नवीने विचारलं, जखम कशी होती? सापडला तो फक्त हिरोने जेवणाच्या सुट्टीत काढलेला सेल्फी. समोरच्या कॅमेऱ्याने तो आरशासारखा उलटा साठवलेला आणि वरचे दोन टाके बाहीखाली गेलेले. तिने फोटोत दिसलं ते इमानदारीत केलं : उजवा हात, पाच टाके. रात्रीचे अडीच वाजले होते. सेटवर आम्ही नऊ जण, एकाच्याही लक्षात आलं नाही. पहिल्या शोला मागून कुणीतरी म्हणालं, "आजार हात बदलतो वाटतं," आणि तिथून शेवटपर्यंत लोक हसत होते.

तर, फोटो काढा. प्रत्येक अवस्थेचा, मेकअप पूर्ण झाल्यावर आणि पहिल्या टेकच्या आधी. मागच्या कॅमेऱ्याने, सेल्फी नको म्हणजे नको. एक जवळून, दोन बाजूंनी, आणि एक असा की त्यात चेहरा आणि दोन्ही हात एकत्र दिसतील. शेजारी फूटपट्टी धरा. कागदाच्या चिठ्ठीवर सीन नंबर, गोष्टीतला कितवा दिवस, कितवी अवस्था आणि अक्षरात 'डावा' किंवा 'उजवा' लिहून ती फोटोत घ्या. शेवटच्या टेकनंतर पुन्हा फोटो, कारण तोवर रक्त ओघळलेलं असतं आणि पुढचा शॉट तिथूनच जोडायचा असतो. हे काम एकाच माणसाला द्या, आणि ज्याच्याकडे दुसरं काहीही काम नाही अशालाच. दिग्दर्शकाने 'मी काढतो' म्हटलं तर मान डोलवा आणि काम दुसऱ्याला द्या.

आता पटकथेकडे. पान छापून घेण्याआधी एक तक्ता करा : सीन, गोष्टीतला दिवस, जखमेची अवस्था, कपडे. हा तक्ता नसेल तर फोटो काढूनही तो कशाशी जुळवायचा हे कळणार नाही.

आणि प्रयोग फसतो म्हणजे नेमकं काय फसतं, हे ठरवा. हिरवं द्रव आणि खदाखदा हसणारा डॉक्टर पुरत नाही. लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये टीजीएन १४१२ या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी झाली. आठ जण होते. दोघांना नुसतंच बिनऔषधाचं द्रावण मिळालं, सहा जणांना औषध, तेही काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक. मात्रा प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या ५००व्या भागाइतकी. थोड्याच वेळात डोकेदुखी, ताप, उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब कोसळला. त्यांची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटली होती. सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. जीव वाचले, पण एकाला हातापायांची बोटं गमवावी लागली. त्यांचं दुखणं उचलून सिनेमात घालू नका, पण त्यातली गोम समजून घ्या : पहिल्याचं काय होतंय हे दिसायच्या आत पुढच्याला सुई लागलेली असते. मधला तो थोडासा वेळ आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस, इथे भीती आहे. आणि ती दाखवायला एक पैसा लागत नाही.

संमतिपत्र सेटवर लागणारच. त्यावर काहीतरी गिरगटून ठेवू नका, आजकाल लोक फ्रेम थांबवून वाचतात. १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेचा पहिलाच मुद्दा माणसाच्या स्वेच्छेने दिलेल्या संमतीचा आहे. तो वाचून मग खोटं पत्र लिहा, म्हणजे त्यातली कोणती ओळ गाळायची तेही सुचेल.

प्रॉप्स. निरोगी माणसाच्या नाडीचे ठोके मिनिटाला साधारण ६० ते १००, ऑक्सिजन ९५ टक्क्यांच्या वर. मॉनिटरवर वाटेल ते आकडे टाकू नका. रेषा सपाट झाल्यावर शॉक देत नाहीत, छाती दाबतात. एवढं एक पाळलंत तरी बघणारा डॉक्टर उठून जाणार नाही. एक्स-रे लावताना हृदय बघणाऱ्याच्या उजव्या हाताला यायला हवं. (डावं-उजवं हा विषय माझ्यासाठी हळवा आहे.) सिरिंज नवी, सीलबंद, सुई काढून. वापरलेल्या सिरिंज, सलाईनच्या जुन्या नळ्या कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नका. यावर चर्चा नाही.

रक्त. साखरेच्या पाकाचं आणि खायच्या रंगाचं केलंत तर तोंडात चालतं, पण कातडीवर डाग राहतो, कपड्यांवर तर राहतोच, आणि मुंग्या येतात. साबण घातलेलं रक्त धुऊन निघतं, पण ते तोंडाजवळ न्यायचं नाही. म्हणून दोन बाटल्या, दोन वेगवेगळ्या रंगांची झाकणं. डोळ्यांत कुठलंच नाही. रंग बाटलीत बघून ठरवू नका. ज्या दिव्याखाली शूट आहे त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यातून बघा. आमचं रक्त एका खोलीत लाल आणि दुसरीत गुलाबी सरबत दिसत होतं. जुनं रक्त तपकिरी करा. कोटाचे तीन सेट ठेवा, कारण रिटेक होणारच.

खोटी कातडी करायला लिक्विड लेटेक्स (पातळ रबर) लावणार असाल तर आदल्या दिवशी नटाच्या हातावर थोडंसं लावून बघा. काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते आणि ती सेटवर कळणं परवडत नाही. त्यात अमोनिया असतो, म्हणून डोळ्यांजवळ आणि बंद खोलीत जपून. जिलेटिनच्या जखमा स्वस्त पडतात पण तापलेल्या दिव्यांखाली मऊ पडून सुटायला लागतात, त्यामुळे प्रत्येकीच्या दोन-तीन प्रती हव्यात. प्रत दुसरी लावलीत? मग पुन्हा फोटो. हो, पुन्हा. साच्यातून आली तरी चिकटवताना ती बोटभर इकडेतिकडे होते, आणि क्लोजअपमध्ये बोटभर म्हणजे हातभर दिसतं.

खाटेला बांधायचे पट्टे असे घ्या की नट स्वतः एका हाताने सोडवू शकेल. 'सोडा, सोडा' हा संवादच असतो, म्हणून खरंच थांबायचं असेल तेव्हाचा शब्द वेगळा ठरवा आणि सगळ्यांना सांगा, बूम (काठीवरचा माइक) धरणाऱ्यालासुद्धा. तोंडावर खरी चिकटपट्टी लावू नका.

ट्यूबलाइटचा लुकलुकाट हवा असतो, पण तुमच्या मर्जीने. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, नाहीतर चित्रावर पट्टे सरकतात आणि ते भुताटकीचे वाटत नाहीत, चुकीचे वाटतात.

शेजाऱ्यांना आधी सांगा, पोलिसांनाही. रात्री किंकाळ्या येणार आहेत आणि रक्ताने माखलेला माणूस जिन्यात उभा राहून फोनवर बोलणार आहे. परवानगीचा कागद जवळ ठेवा.

आवाज : प्रत्येक खोलीत मिनिटभर सगळ्यांना गप्प बसवून नुसती शांतता रेकॉर्ड करा. किंकाळ्या शूट संपल्यावर वेगळ्या घ्या, नाहीतर नटाचा घसा पहिल्याच दिवशी जाईल.

रोज रात्री फुटेजच्या दोन प्रती, दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत. जखमांचे फोटोही त्यातच, तारखेच्या नव्हे तर अवस्थेच्या नावाने फोल्डर करून. फोनमध्ये राहू देऊ नका. फोन बदलतो, माणूस बदलतो.

एडिटला बसण्याआधी झोपा. दिवे झपाझप उघडझाप करणारे सीन असतील तर सुरुवातीला सूचनेची पाटी टाका, अपस्मार असणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. श्रेयनामावलीत नावं दोनदा तपासा. लोकेशनच्या भिंती पुसून द्या. खालच्या पट्टीवरचे थेंब हमखास राहतात.