कॅम्पर व्हॅनने प्रवास करताना गाडी आणि सामान चोरीपासून कसे जपावे

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा तशाच एखाद्या मोठ्या गाडीत पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी आणि पंखा बसवून घेऊन सहकुटुंब फिरण्याची आवड आता मराठवाड्यातही रुजू लागली आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून भाड्याच्या गाड्याही मिळू लागल्या आहेत. अशा गाडीत चोराला एकाच ठिकाणी सगळे सापडते: पैसे, दागिने, मोबाइल, कॅमेरा, बॅटऱ्या, गॅसची टाकी आणि शेवटी खुद्द गाडी. त्यामुळे साध्या मोटारीसाठी घेतली जाणारी काळजी इथे पुरत नाही.

हे मला एका रात्रीत समजले. लातूरहून वेरूळला जाताना मांजरसुंब्याच्या पुढे आम्ही एका ढाब्यावर जेवायला थांबलो. पुढे ट्रकांची गर्दी होती, म्हणून गाडी ढाब्यामागच्या मोकळ्या जागेत लावली. तिथे दिवा नव्हता. पाऊण तासाने परत आलो, तेव्हा दोन्ही दारांची कुलपे जशीच्या तशी होती. मात्र मागच्या खिडकीची काच मागच्या चाकाला टेकवून ठेवलेली होती आणि तिला साधा तडाही गेलेला नव्हता. काचेभोवतीचे काळे रबर धारदार पात्याने कापून कुणीतरी ती अलगद बाहेर काढली होती. काच फुटल्याचा आवाज झालाच नाही, त्यामुळे ढाब्यावर कुणाला काही कळले नाही. त्यानंतर मी गाडी चोराच्या नजरेने पाहायला शिकलो. चोराला आत शिरण्यासाठी एक कच्ची जागा, थोडा वेळ आणि अंधार एवढेच लागते. पुढे दिलेली प्रत्येक पायरी या तिन्हींपैकी एक तरी गोष्ट त्याच्याकडून काढून घेण्यासाठी आहे.

१. निघण्याच्या आठ दिवस आधी गाडीभोवती एक फेरी मारा

ही फेरी दिवसाउजेडी आणि हातात पान्हा व स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मारावी. बाहेरून जे काही खोलता येते, ते चोरालाही खोलता येते. पहिल्यांदा खिडक्या पाहाव्यात. गॅरेजमध्ये नव्याने बसवलेल्या खिडक्यांच्या काचा बहुधा नुसत्या रबरावर बसवलेल्या असतात. त्या पुढच्या मोठ्या काचेप्रमाणे चिकटद्रव्याने पक्क्या करून घ्याव्यात आणि आतून लोखंडी जाळी बसवावी. ही जाळी आतून कडी काढून उघडता आली पाहिजे, यावर मी मुद्दाम भर देतो, कारण आग लागल्यास त्याच खिडकीतून बाहेर पडावे लागू शकते. चोराच्या भीतीने घरातल्या माणसांना कोंडून घेणे हा उपाय होऊ शकत नाही.

त्यानंतर बाहेरून उघडणारे कप्पे पाहावेत. त्यांना बसवलेली छोटी कुलपे स्वस्त असतात आणि एका गाडीची किल्ली दुसऱ्या गाडीच्या कप्प्याला लागल्याचे मी स्वतः पाहिले आहे. ती बदलून चांगल्या कंपनीची कुलपे लावावीत. कप्प्यांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरच्या बाजूला असतील, तर कुलूप कितीही भक्कम असले तरी त्याचा उपयोग नाही; अशा ठिकाणी आतून नट असलेले बोल्ट टाकावेत. सरकत्या दाराला कंपनीच्या कुलपाखेरीज आतून एक वेगळी कडी असावी.

स्टेपनी, बॅटरी आणि डिझेल या तीन गोष्टी महामार्गावर सर्वांत आधी जातात. स्टेपनीला साखळी आणि कुलूप लावावे. बॅटरीच्या खोक्यावर लोखंडी पट्टी आडवी घालून तिला कुलूप ठोकावे. डिझेलच्या टाकीला किल्लीचे झाकण तर असावेच, पण टाकीच्या नळीत जाळीही बसवून घ्यावी, म्हणजे झाकण तोडले तरी पाइप आत जात नाही. छतावर सोलर पॅनेल असेल, तर त्याचे नट वेल्डिंगचा एक ठिपका देऊन पक्के करावेत.

गाडीच्या आत एक छोटी लोखंडी पेटी असावी. ती आसनाखाली ठेवून चार बोल्टांनी थेट गाडीच्या तळाच्या पत्र्याला आवळून टाकावी. कपाटात नुसती ठेवलेली तिजोरी चोराचे काम सोपे करते, कारण सगळा ऐवज त्याला एका डब्यात भरून मिळतो.

२. गाडीच जाऊ नये म्हणून

गिअर लॉक किंवा स्टिअरिंगचे कुलूप बाहेरून दिसते, आणि दिसणे हाच त्याचा खरा उपयोग आहे. चोर शेजारच्या गाडीकडे वळतो. त्याच्या जोडीला इंधनपंपाची किंवा बॅटरीची वायर तोडणारा एक छुपा स्विच चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा, आणि त्याची जागा घरातील दोनच माणसांना माहीत असावी. गाडीला बटणाची किल्ली असेल, तर ती रात्री धातूच्या बंद डब्यात ठेवावी, म्हणजे तिचा सिग्नल बाहेरून पकडता येत नाही.

जीपीएस ट्रॅकर शक्यतो दोन असावेत: एक गाडीच्या बॅटरीवर चालणारा आणि दुसरा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, पलंगाखाली किंवा फळीच्या मागे लपवलेला. पहिला डॅशबोर्डाखाली असतो हे चोराला ठाऊक असते आणि बॅटरीची वायर काढली की तो बंद पडतो. ट्रॅकर मोबाइलच्या सिमवर चालतो, त्यामुळे बालाघाटच्या डोंगरात किंवा गौताळ्याच्या जंगलात रेंज गेली की गाडीचा ठावठिकाणा काही काळ दिसणार नाही, हे गृहीत धरावे. सिमचे रिचार्ज संपलेले नाही ना, हे निघण्यापूर्वी एकदा पाहावे. मोटारीमागे जोडायची ट्रेलरची कॅरॅव्हॅन असेल, तर जोडणीच्या हुकाला आणि एका चाकाला अशी दोन कुलपे लागतात.

३. किल्ल्या, कागदपत्रे आणि विमा

दुसरी किल्ली गाडीत, पायपुसण्याखाली किंवा बंपरमागे चुंबकाने चिकटवून ठेवण्याची सवय मोडावी. ती दुसऱ्या एखाद्या प्रौढ माणसाच्या अंगावर असावी किंवा घरी राहावी. गाडीची मूळ कागदपत्रे घरी ठेवून डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधील प्रती जवळ बाळगाव्यात. त्या कायद्याने ग्राह्य आहेत. चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, विम्याचा क्रमांक, सर्व मोबाइलांचे आयएमईआय (प्रत्येक फोनचे स्वतंत्र ओळख) क्रमांक आणि गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो घरी थांबलेल्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवावेत, कारण चोरीत आपला मोबाइलही गेलेला असू शकतो.

विम्याबाबत दोन गैरसमज फार पसरलेले आहेत; प्रत्यक्षात स्थिती अशी आहे. केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असला, तरी गाडीत ठेवलेले दागिने, कॅमेरा आणि बॅगा त्यात येत नाहीत. मला स्वतःला हे चोरीनंतरच कळले. गाडीत नंतर बसवलेला पंखा, फ्रिज, बॅटऱ्या आणि पलंग यांची किंमतही पॉलिसीत नोंदवलेली असेल, तरच तिचा विचार होतो. भाड्याने गाडी घेणाऱ्यांनी तिची दुसरी किल्ली कोणाकडे आहे आणि ट्रॅकर चालू आहे का, हे ताब्यात घेतानाच विचारावे.

४. मुक्कामाची जागा निवडणे

सगळ्या कुलपांपेक्षा या निर्णयावर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत झाले आहे. पैठणला नाथसागराच्या काठावर सूर्यास्त पाहताना तिथेच गाडी लावून झोपावे असे कोणालाही वाटेल, पण अंधार पडल्यावर त्या काठावर हाकेच्या अंतरावर माणूस नसतो. सूर्यास्त पाहावा आणि मुक्कामाला पैठण गावात यावे. मुक्कामाच्या गावी दिवस मावळण्यापूर्वी एक तास पोहोचण्याचा नियम ठेवला, तर जागा डोळ्यांनी पाहून ठरवता येते.

सर्वांत चांगली जागा म्हणजे फाटक आणि रखवालदार असलेले आवार: पर्यटक निवास, देवस्थानचे भक्त निवास किंवा नांदेडला गुरुद्वाऱ्याचे यात्री निवास. गाडी आवारात लावू देतात का, हे आधी फोन करून विचारावे. त्याखालोखाल रात्रभर चालू असणारा पेट्रोल पंप. तिथे डिझेल भरावे, व्यवस्थापकाची परवानगी मागावी आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यात, दिव्याखाली गाडी लावावी. ढाब्यावर थांबायचे असेल, तर जिथे ट्रक रांगेने उभे आहेत तिथेच थांबावे आणि जेवताना गाडी समोर दिसेल अशी खाट निवडावी. समृद्धी महामार्गावर किंवा कोणत्याही महामार्गावर कडेला गाडी लावून झोपू नये. त्यात चोरीपेक्षा अपघाताचा धोका मोठा आहे.

आडमार्गाला असाल, तर शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरचे गोठा-झोपडीचे ठिकाण, ही मला सर्वांत सुरक्षित वाटणारी जागा आहे. मात्र तिथे विचारल्याशिवाय गाडी घालू नये. गावात शिरल्यावर पारावर बसलेल्यांना रामराम घालून पोलीस पाटलांचे घर विचारावे आणि आपण कोण, कुठले, किती जण आहोत ते सांगावे. “मामा, आज रात्रीपुरती गाडी तुमच्या आखाड्यावर लावली तर चालेल का?” या प्रश्नाला मला क्वचितच नकार मिळाला आहे. आखाड्यावरची कुत्री नवख्या माणसाला जवळ फिरकू देत नाहीत आणि पाहुणा म्हणून एकदा ओळख झाली, की अर्ध्या गावाचे लक्ष आपल्या गाडीवर असते.

गाडीचे तोंड नेहमी बाहेर पडायच्या दिशेला ठेवावे. सरकते दार शक्य असल्यास भिंतीच्या बाजूला यावे, पण चालकाच्या बाजूने सर्वांना बाहेर पडता येईल हे पाहावे. पायऱ्या, खुर्च्या आणि चटया रात्री आत घ्याव्यात.

५. गाडी सोडून जाताना

अजिंठ्याला खासगी गाड्या फर्दापूरच्या तिठ्यावर लावाव्या लागतात आणि तिथून सुमारे चार किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते, म्हणजे तीन-चार तास गाडी नजरेआड राहते. शक्य असल्यास कॅम्पर व्हॅन मुक्कामाच्या आवारातच ठेवून लेण्यांना बसने किंवा भाड्याच्या जीपने जावे. गाडी न्यायचीच असेल, तर मौल्यवान वस्तू वाहनतळावर पोहोचण्याआधी, मागच्या पेट्रोल पंपावरच पेटीत ठेवून कुलूप लावावे. वाहनतळावर उतरून सर्वांसमोर पर्स आणि कॅमेरे कप्प्यात लपवणारा माणूस पाहणाऱ्याला जागा दाखवून देत असतो. खिडक्यांचे पडदे ओढावेत आणि चालकाच्या आसनाजवळ चार्जरची वायरसुद्धा दिसू देऊ नये. तुळजापूरला नवरात्रात आणि पैठणला नाथषष्ठीच्या यात्रेत गाड्या गावाबाहेर लावाव्या लागतात आणि गर्दीत परतायला उशीर होतो. अशा दिवसांत एका प्रौढ माणसाने गाडीजवळ थांबावे व आळीपाळीने दर्शन घ्यावे. बटणाने दार बंद केले, तरी हँडल हाताने ओढून पाहिल्याशिवाय गाडीपासून दूर जाऊ नये. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. बंद लेण्यांसमोरच्या ओस जागेत गाडी उभी करून भटकण्यात अर्थ नाही.

६. झोपताना

मे महिन्यात मराठवाड्यात रात्रीही उकाडा कमी होत नाही आणि दारे-खिडक्या उघड्या टाकून झोपण्याचा मोह होतो. जाळी असलेल्या खिडक्या दोन-तीन बोटे उघड्या ठेवाव्यात आणि छतावरची झडप पूर्ण उघडावी; गॅस वापरणाऱ्या गाडीत हवा खेळती राहणे जिवासाठी आवश्यक आहे. मोबाइल आणि पर्स खिडकीच्या कडेला ठेवू नयेत, कारण काठीला तार बांधून त्या बाहेर ओढल्या जातात. गाडीची किल्ली, विजेरी आणि चपला रोज ठरलेल्या एकाच जागी असाव्यात. रात्री कोणी दार वाजवले, तर दार न उघडता आतूनच बोलावे, बाहेरचा दिवा लावावा, आणि शंका आली तर हॉर्न वाजवत ११२ क्रमांक फिरवावा.

७. वाटेतले भामटे

“साहेब, मागून ऑइल गळतंय,” असे कोणी चालत्या गाडीतून खुणावून सांगितले किंवा गाडीजवळ नोटा पडल्याचे दाखवले, तर लगेच उतरू नये. एक जण बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा विरुद्ध बाजूच्या दारातून बॅग उचलतो. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत हळू गाडी न्यावी आणि तिथे पाहावे. रिकाम्या रस्त्यावर टायर खरोखरच पंक्चर झाला, तर एकाने चाक बदलावे आणि दुसऱ्याने सर्व दारे बंद करून पाठीमागे लक्ष ठेवावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ क्रमांक आहे.

८. चोरी झालीच तर

गाडी फोडलेली दिसली, तर आत चढून शोधाशोध करू नये. आधी फोटो काढावेत आणि ११२ वर कळवावे. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू लागले, तर झिरो एफआयआरची मागणी करावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला, तरी पोलीस ठाण्याला तो नोंदवून घ्यावा लागतो. तक्रारीची प्रत मोफत मिळते. ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये. मोबाइल गेले असतील, तर त्याच तक्रारीच्या आधारे केंद्र सरकारच्या संचारसाथी संकेतस्थळावर ते बंद करून घ्यावेत.

अख्खी गाडीच गेली असेल, तर ट्रॅकरवर ती दिसत असली तरी स्वतः पाठलाग करू नये. ठिकाण पोलिसांना सांगत राहावे. फास्टॅग घाईने बंद करू नये. गाडी टोलनाक्यावरून गेली आणि पैसे वळते झाले, तर नाक्याचे नाव व वेळ सांगणारा संदेश मालकाच्या मोबाइलवर येतो आणि तो तपासाला मोठी दिशा देऊ शकतो. विमा कंपनीला त्याच दिवशी फोनने आणि लेखी कळवावे. एफआयआर तत्काळ नोंदवलेला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवले म्हणून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे; तरीही तो उशीर होऊ देऊ नये. गाडी सापडली नाही, तर पोलिसांकडून तसा अंतिम अहवाल घ्यावा लागतो आणि कंपनी मूळ नोंदणीपत्रासह गाडीच्या दोन्ही किल्ल्या मागते. किल्ली गाडीतच राहिली होती असे दिसले, तर दावा अडकतो.