ठाण्याच्या पावसात चरणाऱ्या मेंढ्यांचे जंत कसे आटोक्यात ठेवावेत

घाटावरचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पाऊस तोंडावर आला की परत फिरतात. कोकणातला पाऊस मेंढराला मानवत नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडे बारा महिने मेंढ्या पाळणाऱ्याला मात्र ही सोय नाही. त्याने एक गोष्ट धरून चालावे: जंत गवतात असतात. नुसती औषधाची बाटली रिकामी करून ते संपत नाहीत.

सगळ्यात घातक जंत म्हणजे हिमाँकस. हा मेंढीच्या चौथ्या पोटात चिकटून रक्त पितो. एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. ती लेंडीतून कुरणात पडतात आणि उबदार ओलीत साधारण आठवड्याभरात त्यांतून पोटात जाण्याजोग्या अळ्या तयार होतात. पोटात गेल्यावर तीनेक आठवड्यांत त्यांचेच जंत अंडी घालू लागतात. म्हणून जुलैतला किरकोळ प्रादुर्भाव सप्टेंबरपर्यंत कोकरं मारू लागतो. या जंतात हगवण बहुधा लागत नाही. लेंडी घट्ट आहे म्हणून निर्धास्त राहिलेला कळप एकाएकी मरू लागतो, तो यामुळेच.

पापणी तपासा

रक्त कमी झालेल्या मेंढीची पापणी आतून फिकी पडते. म्हणून पावसाळ्यात दर 10 ते 14 दिवसांनी आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा प्रत्येक मेंढीची पापणी पाहावी. मेंढी उजेडाकडे तोंड करून धरा. अंगठ्याने वरची पापणी खाली ओढून डोळा झाका, हलकेच आत दाबा आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी उघडा. आतला पडदा बाहेर येतो, त्याचा रंग लगेच बघा. उघडी धरून ठेवली तर तो आपोआप लाल दिसू लागतो. तपासणी दिवसाच्या उजेडातच करावी, गोठ्यातल्या ट्यूबलाइटखाली फिका रंग ओळखू येत नाही. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘फमाचा’ (FAMACHA) नावाच्या रंगतक्त्यावर 1 म्हणजे लाल आणि 5 म्हणजे पांढराफटक. 4 आणि 5 वाल्यांना औषध द्यायचेच. 3 वाली गाभण, नुकती व्यालेली किंवा कोकरू असेल तर तिलाही द्यावे. जबड्याखाली पाण्याची मऊ सूज दिसली तर रंगाची वाट पाहू नका. पांढऱ्या पापणीच्या मेंढीला पळवू नका, धावपळीतही ती दगावू शकते.

सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजण्याची सवय सोडावी. कळपातले बहुतेक जंत थोड्याच मेंढ्यांच्या पोटात असतात. सगळ्यांना पाजले की औषधाला दाद न देणारे जंतच तेवढे उरतात आणि पुढे कुरणभर तेच होतात. एकाच मेंढीला हंगामात पुन्हा पुन्हा पाजावे लागत असेल तर ती आणि तिची पिल्लं पैदाशीला ठेवू नयेत.

औषध पाजताना

वजन काट्यावर करा. अंदाज बहुतेक वेळा कमी निघतो, आणि कमी मात्रा म्हणजे जंतांना सराव. अल्बेंडाझोल किलोला 7.5 मिलीग्रॅम धरले तर 30 किलोच्या मेंढीला 225 मिलीग्रॅम लागते, म्हणजे 2.5 टक्क्यांच्या औषधाचे 9 मिली. बाटली आधी जोरात हलवा. औषध तळाशी बसते. गाभण राहून पहिला महिना असेल तर अल्बेंडाझोल देऊ नका, गर्भात व्यंग येते. क्लोझँटेल हिमाँकसवर चांगले आहे, पण मात्रा जास्त झाली तर मेंढीची दृष्टी जाऊ शकते. कोणते औषध कधी वापरायचे ते पशुवैद्यकाशी बोलूनच ठरवा.

पाजताना डोके सरळ, जमिनीला समांतर ठेवा. तोंड वर केले तर औषध फुप्फुसात जाते. नळीचे टोक गालाच्या कडेने घालून जिभेच्या मुळाशी सोडा. नुसते तोंडात ओतले तर काही भाग थुंकला जातो.

औषध लागू पडले का, हे लेंडीवरून कळते. पाजण्याच्या दिवशी आणि नंतर 10 ते 14 दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या गुदद्वारातून ताज्या लेंड्या काढा, पिशवीत हवा न ठेवता बांधा, थंड ठेवा आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. अंडी 95 टक्क्यांहून कमी घटली तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होऊ लागले आहे.

गवत, पाणी, आहार

बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या 5 सेंटिमीटरमध्ये असतात. म्हणून गवत 10 सेंटिमीटरवर आले की कळप हलवा, सकाळी दव ओसरल्यावरच सोडा. जागा असेल तर चराईच्या वरकस जमिनीचे तुकडे पाडा: एका तुकड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही आणि तिथे परत महिनाभरानेच. मधल्या काळात त्यावर गाई-बैल चारले तर उत्तम, कारण मेंढ्यांचा हा जंत मोठ्या गुरांत फारसा तग धरत नाही. शेळ्यांना मात्र तो तसाच लागतो, त्यांना मागून सोडून उपयोग नाही.

भाताच्या खाचरांत आणि ओहोळाच्या कडेला वेगळा धोका आहे. तिथल्या गोगलगायींतून यकृतात शिरणारे चपटे जंत पसरतात. पाणी ओसरताना तिथले हिरवे गवत मोहात पाडते, पण सप्टेंबर ते डिसेंबर बांध टाळावेत. अल्बेंडाझोल या जंतांच्या फक्त मोठ्या वयावर चालते, कोवळ्यांवर नाही.

पेंड किंवा सुबाभळीचा पाला देऊन प्रथिने वाढवली की मेंढीची जंतांशी झुंजण्याची ताकद वाढते. विण्याआधी दोन आठवडे आणि नंतर दोन महिने हे विशेष सांभाळा. त्या काळात मेंढीच्या लेंडीतून जंतांची अंडी जास्त पडतात. जुन्या सवयीने मोरचूद मात्र पाजू नका. त्यातले तांबे मेंढीला लवकर विषारी ठरते, गुरांचे खनिज मिश्रणही त्याच कारणाने नको.

नवी मेंढी आली की

बाजारातून आणलेल्या मेंढ्या थेट कुरणात सोडल्या की त्यांचे जंत, औषधाला न जुमानणारे तर नक्कीच, तुमचे होतात. तीन आठवडे वेगळ्या कोरड्या वाड्यात ठेवा, औषध पाजा, दोन आठवड्यांनी लेंडी तपासा. या काळातल्या लेंड्या कुरणावर नव्हे, खड्ड्यात टाका. बकरी ईदच्या आधी विक्री असेल तर बाटलीवर लिहिलेला मांसासाठीचा थांबण्याचा काळ मोजूनच शेवटचे औषध द्या, आणि ती तारीख घेणाऱ्याला सांगा.