गेमिंग स्टिअरिंग व्हील वॉरंटीत बदलून मिळालं
चालू केल्यावर व्हीलने डावी-उजवीकडे पूर्ण फिरून मधोमध थांबायला हवं. माझं डावीकडेच खडखडत अडकायचं. नाशकातल्या कॉलेज रोडच्या दुकानदाराने "कंपनीशीच बोला, दादा" म्हणत हात वर केले. कंपनीचीही टाळाटाळच. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं, फर्मवेअर (व्हीलच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि या सगळ्याचा सलग व्हिडिओ काढला, सिरियल नंबर स्पष्ट दिसेल असा. जीएसटी बिलासोबत तो मेल केला आणि चक्रं हलली. नाशकात सर्व्हिस सेंटर नसल्याने कुरिअरने पाठवलं; बदल्यात नवंकोरं आलं! अडलंच असतं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ होतीच. स्वतः स्क्रू खोलू नका. सील तुटलं की नकाराला निमित्त मिळतं. पेडल, अ‍ॅडॉप्टर सोबत पाठवायचे का, तेही आधी लेखी विचारून घ्या.